टीव्हीच्या फळीवरचा पॅगोडा

मामा आमच्या घरी आले की आधी दाराची चौकट हाताने चाचपतात, मग बसतात. चाळीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत सुतारकाम केलेल्या माणसाची ही सवय आहे. त्या संध्याकाळी मात्र ते चौकटीपाशी थांबलेच नाहीत. सरळ हॉलमध्ये आले, टीव्हीच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे काय ठेवलं वं इथंसा?"

फळीवर, सेटटॉप बॉक्स आणि दोन रिमोटच्या शेजारी, मी एक लाकडी पॅगोडा ठेवला होता. दीड फूट उंच, चौकोनी, एकावर एक पाच छपरं, प्रत्येक छपराचे कोपरे किंचित वर वळलेले, कठड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकांची जाळी कोरलेली. रंग जुन्या पाटासारखा काळपट. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात तो मला दिसला आणि माझा पाय तिथून निघेना. "जपानी आहे, शंभर वर्षं जुना," असं दुकानदाराने सांगितलं. मी फारशी घासाघीस न करता तो घेतला, धामणगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने, सारा वेळ मांडीवर धरून, आर्णीला आणला.

मामा बौद्ध आहेत, अर्थात मीही. ते दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात. अंगात ताप असला तरी जातात. त्या संध्याकाळी सुरू झालेलं आमचं बोलणं पुढे चार-पाच वेळा चाललं. त्यांचं बोलणं वऱ्हाडीत आहे आणि मी ते तसंच ठेवलं आहे. प्रमाण भाषेत घातलं तर त्यातलं निम्मं निसटेल.

"पॅगोडा आहे मामा. जपानी."

"ते दिसते मले. मी इचारून रायलो, इथं काहून ठेवला?"

"शोभेला."

"शोभेले." त्यांनी तो शब्द हळूच परत म्हटला. "पॅगोडा म्हंजे स्तूपच व्हय ना? का दुसरं काही हाय?"

"स्तूपच आहे. आपला स्तूप चीनमार्गे जपानला गेला. संस्कृतातल्या 'स्तूप' शब्दाचं तिकडे 'सोतोबा' झालं आणि त्यातून नुसतं 'तो' उरलं. पाच मजली पॅगोड्याला ते 'गोजूनोतो' म्हणतात. त्यातला शेवटचा 'तो' म्हणजे आपलाच स्तूप."

"मंग त्याच्या बाजूनं तू रिमोट ठेवतं. वर बातम्या, सिनेमे, भांडनं. खाली स्तूप."

मी म्हटलं, ही पूजेची वस्तू नाही, कोरीव कामाचा नमुना आहे. मला तो सुंदर वाटला म्हणून आणला. आपल्या घरात सुंदर वस्तू असू नयेत का? आपल्या आजीच्या घरात भिंतीवर फोटोशिवाय काही नव्हतं, कारण परवडत नव्हतं. आता परवडतं. ज्या गोष्टीकडे बघून बरं वाटतं, ती डोळ्यांसमोर ठेवायची, यात अनादर कुठे आला?

मामा यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातला चष्मा लावला, सतरंजी अंथरायला सांगितली, आणि पॅगोडा दोन्ही हातांनी उचलून सतरंजीवर आडवा केला.

"सामानाचा खरेपना बुडाशी असते. वरून कोनीबी फसवते. बुड पाय."

बुडाला प्लायवूडचा पातळ तुकडा होता, चार स्क्रूंनी बसवलेला, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द डागून उमटवला होता: जपान. हा तुकडा मी घेताना पाहिलाच नव्हता.

"प्लाय हाय. अन् स्क्रू पाय, साऱ्याइचे आटे एकसारखे, मशीनचे. शंभर वर्स कायचे वं?"

इथे मामांचा हात आणि माझं वाचन एकत्र आलं. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर तो कुठल्या देशाचा आहे हे इंग्रजीत लिहिणं सक्तीचं केलं. जपानी कारखानदार तेव्हा 'निप्पॉन' असं लिहीत. १९२१मध्ये अमेरिकी जकातखात्याने सांगितलं, निप्पॉन चालणार नाही, जपान लिहा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळातल्या पुष्कळ निर्यात मालावर 'ताब्यातला जपान' अशा अर्थाचा शिक्का असे. १९५२मध्ये तो ताबा संपला. म्हणजे नुसतं 'जपान' लिहिलेली, प्लायवूडचं बूड असलेली ही वस्तू बहुधा १९२१नंतरची, परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवलेली. जुनी आहे, पण प्राचीन नाही. आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं पुरी झालेली वस्तूच पुरावशेष ठरते. दुकानदाराने तो आकडा कुठून आणला, ते त्यालाच ठाऊक. असा पॅगोडा विकत घेणाऱ्या कुणालाही मी आता एवढंच सांगेन की पैसे मोजण्याआधी तो उलटा करा.

आणखी एक खूण आहे. जपानी पॅगोडे जवळपास सगळे चौकोनी असतात, रुंद छपरांचे, तीन किंवा पाच मजल्यांचे. आठ कोनांचा, उंच सडपातळ, मजल्यामजल्यावर माणूस फिरेल असा सज्जा असलेला नमुना दिसला तर तो चिनी असण्याचा संभव मोठा. शांघायजवळच्या तूशानवान इथल्या अनाथाश्रमातल्या मुलांनी चीनभरच्या पॅगोड्यांचे ऐंशीहून अधिक लाकडी नमुने कोरले होते आणि ते १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मांडले होते. पुढे ते शिकागोच्या फील्ड म्युझियमने घेतले. बाजारात मात्र चिनी-जपानी सगळं एकाच नावाने विकलं जातं.

दुसऱ्या दिवशी मामा आपली पिशवी घेऊन आले. पटाशी, लहान हातोडी, मऊ फडकं. मला धडकी भरली.

"भेऊ नको. ज्यानं जोडलं त्यानं उकलाची सोय ठेवली असनार."

आणि खरंच होती. वरचा कळस फिरवून निघाला. मग पाचही छपरं एकेक करून वर उचलता आली. प्रत्येक छपराच्या मधोमध चौकोनी भोक, आणि त्या सगळ्या भोकांतून बुडापासून कळसापर्यंत गेलेली एकच काठी. कुठेही खिळा नाही, सरस नाही. कठड्याच्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या. छपराखालचे छोटे घोडे, म्हणजे ज्यांवर छपराचा पुढे आलेला भाग तोललेला असतो ते, एकमेकांत अडकवलेले. मामा बराच वेळ एक घोडा बोटांत फिरवत बसले.

"हे काम करनाऱ्याले घाई नव्हती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. "खुंटी अन् खाच, दोन्ही एकाच लाकडाचे. हवा कोरडी झाली तं दोन्ही संगंच आखडन. म्हनून हालत नाही."

मग मी त्यांना खऱ्या पॅगोड्यातल्या त्या काठीबद्दल सांगितलं. जपानी तिला 'शिन्बाशिरा' म्हणतात, म्हणजे काळजाचा खांब. गंमत अशी की खऱ्या पॅगोड्यात हा खांब छपरांचं ओझं घेतच नाही. प्रत्येक मजला खालच्या मजल्यावर स्वतंत्र बसवलेला असतो आणि मधला खांब एकटा उभा असतो. नारा शहराजवळच्या होर्यूजी विहारातला पाच मजली पॅगोडा हा जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक, सुमारे ३२ मीटर उंच. त्याच्या मधल्या खांबाचं झाड इसवी सन ५९४मध्ये तोडलं होतं, असं लाकडातल्या वलयांवरून निघालं. निक्को इथल्या पॅगोड्यात तर तो खांब साखळ्यांनी वरून टांगलेला आहे, तळाला टेकतच नाही. जमीन हलली की मजले एकमेकांवर सरकतात, डुलतात, पण कोसळत नाहीत. जपानमधले कितीतरी पॅगोडे विजेने, आगीने, लढायांत गेले. भूकंपात गेल्याच्या नोंदी मात्र फार थोड्या आहेत. २०१२मध्ये खुला झालेला टोकियोचा ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा बांधताना इंजिनिअरांनी हाच विचार पुन्हा वापरला आणि आतल्या काँक्रीटच्या खांबाला नावही तेच दिलं.

मामांचा हात थांबला. "किल्लारी," ते म्हणाले.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची ती पहाट मामांच्या वयाची माणसं विसरत नाहीत. आर्णीवरून जो नागपूर-तुळजापूर रस्ता जातो, तोच पुढे नांदेड, लातूरकडे नेतो. मामा त्या हिवाळ्यात मदतीच्या ट्रकबरोबर तिकडे गेले होते. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचं जड धाबं. झोपलेली माणसं त्याखाली गेली.

"मी पायलं तेथ. भिंत जेवढी जाड, तेवढी वाईट," मामा म्हणाले. "आमाले वाटे, जाड म्हंजे मजबूत. हलत नाही ते मजबूत. अन् हे लोक म्हनतात, हललं पायजे." त्यांनी काठी पुन्हा छपरांतून ओवली. "हे मले पन्नास वर्सांआधी कोनी दाखवलं असतं तं बरं झालं असतं."

मला वाटलं, वाद मिटला. मी म्हटलंसुद्धा, "बघा, म्हणूनच घरात असावा."

"म्हनूनच टीव्हीखाली नसावा," मामा म्हणाले.

खरा कस लागला तो कळसावर. निघालेला कळस पितळेचा होता, वीतभर. मामांनी तो फडक्याने पुसला, तेव्हा त्यावरची कड्यांची रांग स्पष्ट झाली. मोजल्या तर नऊ. कड्यांच्या खाली एक छोटी, उपडी वाटी होती. मामांनी ती वाटी अंगठ्याने चोळली आणि एकदम मान वर केली.

"हे अंड हाय."

मलाही तोवर कळलं नव्हतं. सांचीचा स्तूप डोळ्यांसमोर आणा: खाली अर्धगोल अंड, त्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा, त्यावर छत्रावली. पॅगोड्याच्या टोकावरची उपडी वाटी म्हणजे ते अंड, आणि नऊ कड्या म्हणजे एकावर एक चढलेली छत्रं. भारतातून निघालेला अख्खा स्तूप चीन, कोरिया ओलांडताना लहान होत होत छपराच्या टोकावर जाऊन बसला आणि त्याच्या खाली पाच मजल्यांचं लाकडी घर उभं राहिलं. लोक ज्याला पॅगोडा म्हणून बघतात, ती पाच छपरं एका अर्थाने बैठक आहे. स्तूप वर आहे.

मामा लहान असताना शाळेची सहल कार्ल्याला गेली होती. तिथल्या चैत्यगृहातल्या दगडी स्तूपावर लाकडी छत्र आहे, जवळपास दोन हजार वर्षांपासून. छताच्या कमानीही लाकडी आहेत. सहलीतल्या बाकीच्या मुलांना काय आठवतं कोण जाणे, मामांना ते छत्र आठवतं.

"दगडाच्या डोंगरात लाकूड टिकलं, हे पाहून मी सुतार झालो असं समज. तेच छत्र इकडून तिकडं गेलं, अन् तुह्या एसटीतून वापस आलं. अन् तू त्याले शोपीस म्हनतं."

"पण मामा," मी म्हटलं, आणि हे मी हट्टाने म्हटलं नव्हतं, मला खरोखर वाटत होतं, "लहान पॅगोडे घडवून वाटायची रीत जपानमध्ये फार जुनी आहे. आठव्या शतकात शोतोकू नावाच्या सम्राज्ञीने ७६४च्या बंडानंतर दहा लाख लाकडी पॅगोडे करायला सांगितले. दहा लाख! ७७०पर्यंत ते काम पुरं झालं. लेथवर कातलेले, वीतभर उंचीचे. दहा विहारांना प्रत्येकी एक लाख. आज होर्यूजीत त्यातले चाळीस हजारांवर शिल्लक आहेत. १९०८मध्ये विहाराला पैसा उभा करायचा होता, तेव्हा देणगी देणाऱ्यांना त्यातले काहीशे दिले गेले. ते मग घरांत, संग्रहांत, संग्रहालयांत गेले. माणसाच्या हातात मावेल असा स्तूप हातोहात फिरणं, ही काही आजची बाजारू गोष्ट नाही."

"त्या दहा लाखांच्या आत काय होतं?"

मामांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. सुताराने पोकळ वस्तूबद्दल विचारावा तसा तो सरळ प्रश्न होता. पण नेमका तोच.

"आत कागद होता," मी सांगितलं. "वरचा कळस काढला की पोकळी लागते, तिच्यात गुंडाळलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ. छापलेली. तारखेनिशी माहीत असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत तिची गणना होते."

"अन् तुह्याच्यात?"

"काही नाही."

"होर्यूजीच्या मोठ्या पॅगोड्यात?"

"खांबाच्या तळाशी अस्थिधातू ठेवलेले आहेत."

"म्हंजे त्याइच्यात काहीतरी हाय, तुह्याच्यात काहीच नाही. मंग तू त्या दहा लाखांची साक्ष काढू नको. ते वंदनेसाठी होते. हे इकासाठी केलं, रिकामं केलं."

मी गप्प बसले. आजही मला वाटतं, त्या दिवशी मामा बरोबर होते. आपण एखाद्या वस्तूचं मोठेपण दुसऱ्या वस्तूकडून उसनं घेतो, आणि सजावटीच्या दुकानांत हेच चालतं. जपानमधल्या साधनेची, शांततेची, हजार वर्षांची गोष्ट सांगायची आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी बनलेला नमुना हातात द्यायचा. नमुना वाईट नसतो. गोष्ट त्याची नसते.

पण उत्तर मला रात्री सुचलं आणि सकाळी शाळेत जायच्या आधी मी मामांच्या घरी गेले. ते अंगणात रंध्याचं पातं घासत होते.

"मामा, रिकामा आहे म्हणूनच तो स्तूप नाही, स्तूपाचं चित्र आहे. तुमच्या भिंतीवर दीक्षाभूमीचा फोटो आहे, त्यात तरी अस्थी कुठे आहेत? चित्र घरात ठेवायला काय हरकत आहे?"

"हरकत हाय असं म्हनलंच नव्हतं मी," मामा म्हणाले. पातं उन्हात धरून पाहिलं. "चित्र हाय, मान्य. आता सांग, बाबासाहेबांचा फोटो तू चपलीच्या रॅकवर लावशीन?"

बस. सगळा वाद इतकाच होता आणि मी तीन दिवस भलतीकडे फिरत होते. मला वाटत होतं की मामा म्हणतात, पूजा करायची नसेल तर घरात ठेवू नको. ते म्हणत होते की चित्रालाही जागा लागते.

मधल्या काळात एका पाहुण्या बाईंनी तिसरीच गोष्ट काढली. अशा मनोऱ्याला गिफ्टच्या दुकानात 'एज्युकेशन टॉवर' म्हणतात, ईशान्येला अभ्यासाच्या टेबलावर ठेवला की मुलांना मार्क चांगले पडतात, असं त्यांनी ऐकलं होतं. फेंगशुईच्या नावाखाली नऊ मजल्यांचे असे मनोरे विकले जातात हे खरं आहे. मामा एरवी पाहुण्यांना तोडून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "ताई, बुद्धानं सांगलं, पाहून घ्या, तपासून घ्या, मंग माना. त्याच्याच स्तूपाले तुमी ताईत बनवता काय? पोट्टं अभ्यास करन तं पास होईन." या बाबतीत माझं आणि मामांचं एका शब्दानेही वेगळं मत नाही. दुर्लक्षाने ठेवलेला पॅगोडा मला एक वेळ चालेल, ताईत म्हणून ठेवलेला चालणार नाही.

आमचा एक वाद मात्र मिटला नाही आणि मिटेल असं दिसत नाही.

"इतका पैसा घालून जपानचं लाकूड काहून आनलं?" मामांचा हा प्रश्न सगळ्यांत जुना. "आपल्या जिल्ह्यात सागवान हाय. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान दिल्लीच्या नव्या संसदेले गेलं, अयोध्येच्या दरवाज्याइले गेलं. अन् आर्णीची पोट्टी मुंबईहून जुनं जपानी सामान आनते. मले सांगतली असती तं मी करून देल्लं असतं."

मी म्हटलं, मामा, वस्तू येतात-जातात. १८९३मध्ये जपानच्या निप्पॉन यूसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली, ती कापसासाठी. अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाणारा आपला वऱ्हाडी कापूस जपानच्या गिरण्यांत जायचा. आपल्या शेतातलं बोंड कोबेला गेलं, तर तिथलं लाकूड आर्णीला यायला काय झालं? टाटा बंधूंनी जमवलेल्या जपानी वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मी त्या दालनात तासभर उभी होते. आणि जपान आपल्याला परका तरी कुठे आहे? निचिदात्सु फुजी गुरुजी १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला, तो आजही म्हटला जातो. वर्ध्यात विश्वशांती स्तूप उभा आहे. नागपुरात इंदोऱ्याच्या विहारातले भदंत सुरेई ससाई जन्माने जपानी आणि आयुष्याने नागपूरकर. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या साह्याने उभं राहिलं. तुम्हीच मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेलात.

"गेलो ना. तेथची चंदनाची मूर्ती पायली. हात जोडले." मामा क्षणभर थांबले. "पन ते भेटीत आलं, धम्माच्या नात्यानं आलं. हे तू इकत आनलं. इकत आनलेल्या सामानाले नातं नसते, ते जोडा लागते."

माझं मत वेगळं आहे. मला वाटतं, ज्या अनाम कारागिराने तो घोडा कोरला, त्याच्याशी माझं नातं त्या दुकानातच जुळलं. त्याला त्याची मजुरी किती मिळाली असेल माहीत नाही, पण त्याने निर्यातीच्या मालातही खुंटी टाळली नाही की खिळा ठोकला नाही. गिऱ्हाईक समुद्रापलीकडचं होतं, छप्पर उचलून कुणी आत बघणार नव्हतं. तरी त्याने आतलं काम चोख केलं. पण तरीही सागवानाचा पॅगोडा आर्णीत झाला तर मला आनंदच होईल, हेही खरं. मामांचे गुडघे आता बसू देत नाहीत आणि त्यांच्या दोन्ही शागिर्दांनी मॉड्युलर किचनचं काम धरलं आहे. सनमायका चिकटवायला घोडा कोरता यावा लागत नाही.

चौथ्या छपराच्या एका कोपऱ्याचं टोक तुटलेलं होतं. मी म्हटलं, फेविकॉल लावून काहीतरी बसवू, वरून टचवूड मारू, कळणार नाही. मामांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. जुन्या लाकडावर चकचकीत पॉलिश मारलं की कोरीव कामाच्या रेघा भरून जातात. त्यांनी सागाच्या तुकड्यातून नखाएवढं टोक कोरलं, खाच केली, बसवलं, आणि रंग न देता तसंच ठेवलं.

"वेगळं दिसते मामा."

"दिसू दे. जपानचं ते जपानचं, आर्नीचं ते आर्नीचं. खोटं कायले करा?"

मग जागा. कूलरच्या समोर नको, कारण उन्हाळाभर ओली हवा लागली की लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर आखडतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या हवेत खाचा याच खेळात सैल होतात. पश्चिमेच्या खिडकीत नको, दुपारचं ऊन लाकूड तडकवतं. भिंतीला चिकटवून नको, वाळवी भिंतीतूनच येते. खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा लागला असं समजायचं आणि वस्तू लगेच इतर लाकडापासून दूर करायची. पुसायचं कोरड्या मऊ फडक्याने, कोपऱ्यांतली धूळ रंगाच्या लहान ब्रशने. एवढं सगळं मामांनी बोटांवर मोजून सांगितलं. शेवटी पुस्तकांच्या कपाटाची वरची फळी ठरली, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, भिंतीपासून चार बोटं पुढे. वर काही नाही, शेजारी काही नाही.

मी त्याच्या बुडाशी एक चिठ्ठी ठेवली आहे: पाच मजली जपानी पॅगोड्याचा नमुना, बहुधा १९२१नंतरचा, निर्यातीसाठी केलेला, चौथ्या छपराचं टोक आर्णीत सागवानात दुरुस्त केलेलं. मुलं विचारतात तेव्हा मी कळस काढून अंड आणि नऊ छत्रं दाखवते. एका मुलीने छपरं स्वतः ओवून बसवली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

तुमच्या घरात असा पॅगोडा असेल, कुणी भेट दिलेला किंवा तुम्ही हौसेने आणलेला, तर एकदा तो टीव्हीजवळून उचला आणि उजेडात उलटा करून बघा. काही तुटलं असेल तर गोंद लावू नका. दारव्हा, दिग्रस, आर्णी, कुठेही असाल, खुंटी-खाचेचं काम येणारा एखादा म्हातारा सुतार तुमच्या गावात अजून असेल. त्याचे गुडघे आणि डोळे चालताहेत तोवर ती वस्तू त्याच्या हातात द्या, आणि तो उकलत असताना समोर बसा.